विट्याची बैठक

धनाजी तारळेकर सरांचा राग मशीनवर नव्हता. ते मशीन त्यांच्या विट्याच्या खो-खोच्या मैदानावर आलं, यावर होता.

"पोरीचा दम तिच्या तोंडावर दिसतो," निवड समितीच्या सभेत ते उभं राहून म्हणाले होते, "त्यासाठी मांडीला चकत्या कशाला डकवायच्या?" सभेतल्या तरुण मंडळींनी चहाच्या कपाआड हसू लपवलं आणि ठराव मंजूर करून टाकला. यापुढे राज्याच्या खो-खो संघात यायचं तर प्रत्येक मुलीचा दमांक मोजला जाणार होता. निवड चाचणीच्या सामन्यात शेवटच्या दोन मिनिटांत तो साठच्या खाली गेला, की तिचं नाव यादीतून गेलं. हे झालं २०४१ च्या जानेवारीत. आणि फेब्रुवारीत डॉ. प्रणोती बनसोडे पाठीवर सॅक अडकवून विट्याला हजर झाली.

ती कोल्हापूरच्या एका प्रयोगशाळेत काम करायची. वय एकोणतीस. सर तिला मॅडम म्हणत, ती त्यांना सर म्हणे, त्यामुळे पहिले दोन दिवस दोघंही फार जपून बोलत होते. मुलींना मात्र ती लगेच आवडली, कारण ती त्यांच्याबरोबर मातीत बसली.

"आपण एकदम झेप घेतो ना," तिनं समजावलं, "तेव्हा श्वासातला ऑक्सिजन मांडीपर्यंत पोचायची वाट बघायला स्नायूला वेळ नसतो. तो जवळचंच इंधन जाळतो. त्यातलं सगळ्यात झटपट पेटणारं म्हणजे क्रिएटिन फॉस्फेट. आठ-दहा सेकंद पुरतं. मग साखर ऑक्सिजनशिवाय फुटायला लागते आणि मांड्या पेटल्यासारख्या होतात."

"आणि संपलं की?" तहसीन मुलाणीनं विचारलं. ती एकोणीस वर्षांची, संघातली सगळ्यात चपळ पोरगी.

"परत भरतं. थांबलीस की अर्ध्या मिनिटात निम्मं, चार मिनिटांत जवळजवळ सगळं. पण भरायला ऑक्सिजन लागतोच, आणि तो रक्तच आणतं."

"म्हंजे गच्चीवरची टाकी की," तहसीन म्हणाली. "पाणी वापरायला लाईट लागत न्हाई, चढवायला लागती."

प्रणोतीनं टाळीच दिली. आपण तीन वर्षं व्याख्यानं देतोय, पण इतकं सोपं कधी सांगता आलं नाही, असं तिनं कबूल करून टाकलं. तेव्हापासून त्या इंधनाला मैदानावर टाकी हेच नाव पडलं, आणि टाकी शंभरातली किती भरली आहे तो आकडा म्हणजे दमांक. पूर्वी एवढं बघायला माणसाला इस्पितळातल्या बोगद्यासारख्या यंत्रात निजवावं लागे. आता रुपयाएवढ्या चुंबकाची चकती मांडीवर चिकटून स्नायूतल्या फॉस्फरसची खबर सेकंदासेकंदाला टॅबवर धाडत होती. पोरगी पळतेय आणि तिच्या मांडीच्या आत काय चाललंय ते बाहेर दिसतंय! सरांनी तोंड वाकडं केलं खरं, पण टॅबवरून नजर काही हटवली नाही.

पहिल्या चाचणीत प्रत्येकीनं सहा वेळा जीव तोडून पळायचं आणि मध्ये अर्धा अर्धा मिनिट नुसतं उभं राहायचं होतं. तहसीनचा दमांक एकदाही एकाहत्तरच्या खाली आला नाही. "अशी मांडी मी अख्ख्या राज्यात पाहिली नाही," प्रणोती म्हणाली. सरांनी मिशीवरून हात फिरवला, जणू ती मांडी त्यांनीच घडवली होती.

दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष खेळ झाला. नऊ मिनिटांचं आक्रमण. सातव्या मिनिटाला तहसीनचा दमांक होता अडतीस.

"चकती सुटली असंल," सर म्हणाले.

चकती घट्ट होती. खेळ तीनदा घेतला. एकदा अडतीस, एकदा छत्तीस, एकदा चाळीस. बाकीच्या मुलींचंही तेच. प्रणोतीनं दुसऱ्या तालुक्यांचे आकडे काढून शेजारी ठेवले. तिकडच्या मुली पळायला हिच्या निम्म्यानं नव्हत्या, पण शेवटी पासष्टच्या आसपास तरी राहत होत्या.

"सर, रागावू नका," ती म्हणाली. "तुमच्या मुली पळताना कमी पडत नाहीयेत. त्या बसल्या की त्यांची टाकी भरतच नाहीये."

आता हे वाक्य दुसऱ्या कुठल्या गावात चालून गेलं असतं. विट्यात ते म्हणजे देवळात चप्पल घालून शिरण्यासारखं होतं. खो-खोत आठ गडी मधल्या पाटीवर ओळीनं बसतात आणि नववा पळतो. बसलेल्याच्या पाठीवर थाप मारून 'खो' म्हटलं, की त्यानं उठायचं. खो मिळायच्या आत जागेवरून उठलं तर पंचाची शिट्टी. तरुणपणी सरांचा संघ एकदा अशा शिट्ट्यांनीच हरला होता, आणि तेव्हापासून त्यांनी बसण्याचं व्रतच घेतलं. दोन्ही तळपाय सपाट, टाचा जमिनीला, कंबर पार टाचांवर टेकलेली, पाठ ताठ. आठही मुली अशा बसायच्या की ओळंबा लावून घ्यावा. सव्वीस वर्षांत शिट्टी नाही. लांबलांबचे प्रशिक्षक आपल्या पोरी घेऊन ही बसण्याची तऱ्हा बघायला यायचे, आणि तिला नाव पडलं होतं विट्याची बैठक.

"तुम्हीच चकती लावून बघा ना," प्रणोती म्हणाली.

पंचावन्न वर्षांचे सर पँट गुडघ्यावर सारून पोरींसमोर तीन वेळा पळाले. पोरींनी शिट्ट्या मारल्या. मग ते आपल्या त्या प्रसिद्ध बैठकीत बसले. टॅबवरची रेघ खाली आली होती ती तिथंच झोपली. एक मिनिट, दोन मिनिटं. रेघ हलायला तयार नाही.

"पोटरी मांडीवर दाबली गेलीय," प्रणोती हळूच म्हणाली. "रक्ताची वाट मिटलीय. आता हात पुढे टेका आणि कंबर चार बोटं उचला. उठायचं नाही, नुसती उचला."

सरांनी उचलली. रेघ हलली आणि चढायला लागली, संथ, न थांबता. उन्हात ठेवलेल्या थर्मामीटरसारखी. सरांना ते इतकं सुंदर वाटलं की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्याच म्हाताऱ्या मांडीत एवढी हुशारी आहे, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. माणसाच्या देहाविषयी आणि तो वाचणाऱ्या त्या एवढ्याशा चकतीविषयी त्यांना मनापासून आदर वाटला.

आणि त्याच क्षणी त्यांना वैजूची आठवण झाली.

वैजयंता म्हणजे सरांची धाकटी बहीण आणि त्यांची सगळ्यात गुणी शिष्या. एकोणीस वर्षांपूर्वी राज्य स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ती पाटीवरच्या तिसऱ्या चौकात बसली होती. आधी ती सहा वेळा पळाली; मग खेळ पलीकडच्या खांबाकडे गेला आणि तिला चार मिनिटं खो मिळालाच नाही. शेवटच्या दहा सेकंदांत मिळाला. समोर दोन हातांवर गडी. वैजू उठली, गुडघे उघडले नाहीत आणि ती तोंडावर पडली. एका गुणानं सामना गेला. परतीच्या गाडीत सगळ्या संघासमोर सर म्हणाले, "चार मिनिटं बसून हुतीस की! दम लागला न्हवता तुला. दम सोडलास तू."

त्यानंतर ती मैदानावर आली नाही. भाऊबीजेला यायची, ओवाळायची, मुलाबाळांचं विचारायची. खो-खोचा शब्द दोघांत कधी निघाला नाही. सरांनी पुढे कितीदा ठरवलं की बोलावं. पण बोलायचं काय? चार मिनिटं ती बसून होती हे तर खरंच होतं. आपण खरं तेच बोललो, या एका आधारावर त्यांनी एकोणीस वर्षं काढली होती. तो आधार आज रेघेसारखा आडवा झाला.

निवड चाचणीला बारा दिवस होते. सरांनी मुलींना कंबर उचलून बसवायला सुरुवात केली आणि मैदानाची सर्कस झाली. कोणी पुढे कोलमडायची, कोणी खो मिळायच्या आतच सुटायची. एका डावात अकरा शिट्ट्या! विट्यात एवढ्या शिट्ट्या फक्त जत्रेत वाजतात.

"सर, तुमीच पाठीत थापा मारमारून खाली बशिवलंय," तहसीन रडकुंडीला येऊन म्हणाली. "आता चार बोटं म्हंजे नेमकी किती, ते अंगाला कसं कळायचं?"

सरांनाही ते माहीत नव्हतं. ते स्वतः तसे कधी बसलेच नव्हते. तसं बसणारी एकच पोरगी त्यांनी पाहिली होती. सोळा वर्षांची वैजू मैदानावर आली तेव्हा ती आपसूक तशी बसायची, बोटांच्या टोकांवर भार टाकून, आणि तरी वेळेआधी कधी उठायची नाही. ती सवय मोडायला सरांना दोन महिने लागले होते आणि एक छडी.

खानापूर रस्त्याला वैजयंताची अंडी उबवायची हॅचरी होती. सर पोचले तेव्हा ती अंधाऱ्या खोलीत एकेक अंडं दिव्यावर धरून बघत होती. आत जीव धरला असेल तर लाल शिरांचं जाळं दिसे. नसेल ते अंडं ती बाजूला काढी.

सरांनी सगळं विज्ञानच सांगायला घेतलं. फॉस्फरस, रक्त, पोटरी, रेघ. प्रणोतीपेक्षा दुप्पट वेळ लावला. वैजयंता अंडी बघत राहिली.

"दादा," शेवटी ती म्हणाली, "तू माफी मागाया आलायस का मला शिकवाया न्यायला आलायस?"

सर गडबडले. "दोन्ही."

"मग एकेक कर."

आता इथं खरं तर सोपं होतं. पण माणूस अशा वेळी सोपंच नेमकं करत नाही. "पोरीचं नाव जाईल गं," सर म्हणाले. "दहा दिवसांवर चाचणी आलीय. तहसीनसारखी पोरगी परत घडायची न्हाई. तेवढं शिकवून दे."

वैजयंतानं हातातलं अंडं बाजूला ठेवलं. "बरं," ती म्हणाली. "येते. पोरीसाठी येते." आणि जीव न धरलेल्या अंड्यांचे दोन ट्रे तिनं त्यांच्या हातात दिले. "हे गाडीत ठेव. लागतील."

ती मैदानावर उतरली तेव्हा सर लांब, पाण्याच्या पिंपाजवळ उभे राहिले. वैजयंतानं साडीचा पदर खोचला, मुलींना पाटीवर बसवलं आणि प्रत्येकीच्या दोन्ही गुडघ्यांमागे, पोटरी आणि मांडीच्या बेचक्यात, एकेक अंडं ठेवलं.

"खाली बसलीस तर फुटंल," ती म्हणाली. "वर उचललीस तर पडंल. भार बोटांवर घ्या. अंडं धरायचं न्हाई, सांभाळायचं."

पहिल्या दिवशी छत्तीस अंडी फुटली. तहसीनच्या पोटऱ्यांवरून बलक वाहत होता आणि ती हसून हसून लोळत होती. दुसऱ्या दिवशी वीस. पाचव्या दिवशी तहसीन दोन्ही अंड्यांसकट तीन मिनिटं बसली, आणि टॅबवरचा तिचा दमांक अठ्ठ्याऐंशीवर गेला. प्रणोती तर खुळावलीच. चार बोटं म्हणजे किती, हे सांगणारं इतकं नेमकं साधन तिच्या प्रयोगशाळेत नव्हतं. तिनं अंड्याचा घेर मोजून वहीत लिहिला, गुडघ्याचा कोन लिहिला, वैजयंताला आणखी दहा गोष्टी विचारल्या. वैजयंतानंही तिला सोडलं नाही. ही रेघ अशी का वाकते, ती मधेच का थांबते, सगळं खोदून खोदून विचारून घेतलं. दोघी टॅबवर डोकी घालून बसल्या की सरांना वाटे, दोघी किती शहाण्या आहेत, आणि आपण इथं पिंपाशी काय करतोय? रोज ते ठरवून यायचे, आज बोलायचंच. रोज काहीतरी निघायचं.

चाचणी सांगलीला झाली. आठव्या मिनिटाला तहसीनला पाठीवर थाप बसली, ती पाटीवरून सुटली आणि खांबाशी गडी टिपून मातीतून उठली तेव्हा टॅबवर चौसष्ट होते. सामना संपला तेव्हा एकसष्ट. यादीत चौथं नाव तिचं होतं. सर आणि प्रणोती एकमेकांच्या हातावर टाळ्या मारत नाचले, आणि मग दोघंही एकदम लाजून गंभीर झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रणोती मैदानावर सामान बांधत होती. मुली तहसीनभोवती कालवा करत होत्या. वैजयंता रिकामे ट्रे न्यायला आली होती.

"मॅडम," ती म्हणाली, "जायच्या आधी ती चकती मला एकदा लावाल?"

"हो! काय बघायचंय?"

"सहा वेळा पळणं. आणि मग चार मिनिटं बसणं. दादाच्या बैठकीत."

सरांच्या हातातली पाण्याची बाटली तशीच राहिली. मुलींना काही माहीत नव्हतं, पण त्या जवळ सरकल्या.

बेचाळीस वर्षांची वैजयंता सहा वेळा पळाली. शेवटच्या वेळी ती खांबाला धरून उभी राहिली. दमांक एकतीस. मग ती तिसऱ्या चौकात गेली आणि बसली. तळवे सपाट, टाचा जमिनीला, कंबर टाचांवर, पाठ ताठ. सव्वीस वर्षांत इतकी देखणी बैठक कोणी घातली नसेल. सर टॅबपाशी येऊन उभे राहिले, कारण दुसरीकडे कुठे बघायची त्यांची हिंमत नव्हती.

एक मिनिट. बत्तीस. दोन मिनिटं. तीस. तीन मिनिटं. एकतीस.

"उभ्या राहिल्या असत्या तर एव्हाना ऐंशीच्या पुढे गेल्या असत्या," प्रणोती पुटपुटली. तिला आता सगळं उमगत चाललं होतं.

चार मिनिटं झाली. तहसीन मागून धावत गेली आणि तिनं वैजयंताच्या पाठीवर थाप मारली. "खो!"

वैजयंतानं उसळी घेतली. गुडघे उघडले नाहीत. ती दोन्ही तळहातांवर पुढे पडली. मुली धावल्या, पण तिनं हात वर करून त्यांना थांबवलं. ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"न्हाई उघडत!" ती ओरडली. "बघितलंसा? उघडतच न्हाईत!"

सर पुढे झाले. सगळ्या पोरींसमोर, मोठ्यानं, ते म्हणाले, "वैजू, तू दम सोडला न्हवतास. तुझ्या पायात ताकद न्हवतीच, आणि ती माझ्या बैठकीनं भरू दिली न्हाई. चूक माझी हुती. तुला बोललो ते साफ खोटं हुतं."

आपण बोललो, या विचारानं त्यांना सुटल्यासारखं वाटलं. वैजयंता मात्र मातीतून उठली नाही. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"ते तर मला चकतीनं सांगितलं, दादा," ती शांतपणे म्हणाली. "तू नुसतं वाचून दाखवलंस."

तिनं मांडीवरची चकती काढून तळहातावर घेतली.

"लई चांगलं मशीन हाय हे. एकोणीस वर्षं मला वाटायचं, खरंच सोडला असंल मी दम. माझं मला कळलं नसंल. आज डोक्यावरचा दगड उतरला बघ." ती मांड्या चोळत होती. "पण त्या दिवशी चकती न्हवती म्हणून तुला कळलं न्हाई, असं म्हणू नगंस. चकती न्हवती. मी हुते की. गाडीत तुझ्या शेजारच्या बाकावर हुते. एकदा मला विचारायचंस."

सरांना कुठल्या रेघेमागं लपायला आता जागा उरली नव्हती. ते हळूहळू खाली वाकले आणि तिच्याशेजारी पाटीवर बसले, कुठल्याच बैठकीत नाही, पाय पसरून, बाजारात दमलेला माणूस बसतो तसे.

"वैजू," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक निघाला की मागच्या मुलींना ऐकूही गेलं नाही. "काय झालं हुतं गं त्या दिवशी?"

वैजयंतानं खांबाकडे बघितलं, आणि पहिल्या मिनिटापासून सांगायला सुरुवात केली.